सत्तरच्या खाली मिस्ड कॉल

"लेकरू हाय व्हय, ताई?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

दिपालीने मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा काळा डबा खरंच झोपलेल्या पोरासारखा तिच्या कुशीत होता, आणि नवी पेठेतल्या खड्ड्याखड्ड्याला ती त्याला सावरत होती.

"कॉम्प्युटर आहे."

"आन् एवढ्या उन्हाचं चादरीत?"

तिने चादरीचं टोक डब्याखाली खोचलं. एप्रिल संपत आला होता. साड्यांच्या दुकानांनी दारांवर ओले पडदे सोडले होते आणि रस्त्यावरची माणसं सावलीचे तुकडे शोधत भिंतीच्या कडेकडेने चालली होती. अशा दिवसांत सोलापुरात माणसंच धापा टाकतात, तिथे या डब्याचं काय... चार दिवसांपासून त्याचा पंखा कण्हत होता. तापमानाचा आकडा नव्वदीला टेकला की मशीन आपोआप बंद पडायचं.

तिने तीन दुकानं पालथी घातली होती. एकाने तर झाकण उघडून आत पाहिलं आणि हातच जोडले. "ताई, याचा पंखा आता मिळत नाही. भंगारात द्या आणि नवीन घ्या."

"नवीन आहे माझ्याकडे. मला हा हवाय," ती म्हणाली होती. दुकानदाराने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर ती तिथे थांबली नाही.

आता राहिलं होतं एकच ठिकाण. वीरभद्रप्पा मामांचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान, साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. कितीतरी वर्षांत ती त्या जिन्याच्या वाटेला गेली नव्हती. जायचं टाळलं होतं, हेच खरं.

शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत गेली. सगळीकडे खोकी बांधून ठेवलेली. एक माणूस पाठमोरा बसून दोरी आवळत होता.

"मामा आहेत का?"

"मामा अक्कलकोटला असतात आता, लेकीकडे. गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. आम्ही दुकान बंद करतोय, आज शेवटचा—" म्हणत तो वळला.

आधी त्याने डबा पाहिला. चादर सरकून डब्याचा एक कोपरा दिसत होता. त्या कोपऱ्यावरचा पोचा पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली, मग ती विरली. "हा तर आपला..." तो म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

केस विरळ झाले होते. चष्मा लागला होता. पण कानावर पेन्सिलीसारखा खोचलेला स्क्रू-ड्रायव्हर तसाच होता.

"शिवयोगी," दिपाली म्हणाली. मग तिला वाटलं, आपण 'अहो' म्हणायला हवं होतं, किंवा काहीच म्हणायला नको होतं.

"बसा... बसा की." त्याने एका स्टुलावरची खोकी उचलली, ठेवायला जागा सापडेना, म्हणून हातातच धरून उभा राहिला. "एन माडली..." तो स्वतःशीच पुटपुटला.

घाबरला की त्याच्या तोंडून घरची कानडी निघायची. 'आता काय करू' म्हणजे एन माडली. ती हे त्याच्याकडूनच शिकली होती, आणि पहिल्यांदा ऐकलं होतं तेही या डब्यापुढेच.

*

तेव्हा दिपाली नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. तिचे वडील कुंडलिकराव मोडनिंबहून एक कॅमेरा घेऊन सोलापुरात आलेले. नवी पेठेमागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि लग्नाचे व्हिडिओ जोडायला त्यांनी हा एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. एका लग्नाला तो अख्खी दुपार खायचा. म्हणून त्या हिवाळ्यात वीरभद्रप्पा मामांचा भाचा शिवयोगी येऊन प्रोसेसरचा वेग वाढवून गेला. दिपाली बँकेच्या परीक्षेला गेली होती, तिने त्याला पाहिलं नव्हतं. हिवाळाभर मशीन पळत होतं.

पण लग्नसराई आणि उन्हाळा सोलापुरात हातात हात घालून येतात. एप्रिलमध्ये मशीन बंद पडू लागलं, आणि बंद पडायचं नेमकं सप्तपदीत. चौथ्या पावलावर नवरा-नवरी थिजून उभे, आणि स्क्रीन काळी.

त्या दुपारी शिवयोगी पहिल्यांदा तिच्यासमोर आला, तो दारातच थबकला. टेबलावर कॉम्प्युटर होता. त्याच्या डोक्यावर घडी घातलेला ओला सोलापुरी टॉवेल. बाजूचं झाकण उघडं, आणि कूलर थेट त्याच्या पोटात वारा सोडत होता. वाळ्याचा वास, पाण्याचे बारीक तुषार.

"हे... काय आहे?"

"ताप आलाय त्याला," दिपाली म्हणाली. तिला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. "घरात ताप आला की आम्ही पट्ट्या ठेवतो."

तो बराच वेळ टॉवेलकडे पाहत राहिला. मग अगदी हळू, डॉक्टरसारखं त्याने विचारलं, "मीठ घातलंय का पाण्यात?"

दिपालीने ओठ चावला. "...चिमूटभर."

"एन माडली!" म्हणत त्याने आधी धावत जाऊन प्लग काढला, आणि मग तो खाली बसून हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. ती चिडली. मग तिलाही हसू आलं, आणि मग दोघांनाही ते थांबवता येईना. आतल्या खोलीतून कुंडलिकराव ओरडले, "डॉक्टर आला व्हय? वाचतंय का आमचं मशीन?"

त्या दिवसापासून तो त्यांच्यासाठी डॉक्टरच झाला.

डॉक्टरने मशीन कोरडं केलं. पंखा काढून ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बाहेर काढला. पात्यांमध्ये कापसाच्या तंतूंचा गालिचा जमला होता. शेजारीच यंत्रमाग होते. "याला श्वासच घेता येत नव्हता," तो म्हणाला. मग करड्या पेस्टची नळी तिच्या हातात दिली. "प्रोसेसर आणि ठोकळा यांच्या मधे लावायची. उष्णता या वाटेनेच वर जाते. ज्वारीच्या दाण्याएवढी."

तिने नळी दाबली. पेस्ट भरभरून आली.

"शेंगाचटणी नाही ती, भाकरीवर लावायला!"

"मग तुम्हीच लावा."

"नाही. तुम्हीच लावायची. मी रोज कुठे असणार?" म्हणत त्याने पेस्ट पुसली आणि नळी पुन्हा तिच्या हातात दिली. तिसऱ्या खेपेला ज्वारीचा दाणा जमला.

त्याने वेग थोडा खाली आणला, प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब त्याहून थोडा कमी केला. दाब लागेल तेवढाच द्यायचा, जास्त दिला की नुसती उष्णता होते, काम वाढत नाही, असं सांगत होता. "वेगाने चालायचं म्हटलं की ताप येणारच. येऊ द्यायचा. फक्त साठू द्यायचा नाही."

डबा उंचावर हवा, म्हणून त्याने घरातला पाट मागितला आणि डबा त्यावर ठेवला. कुंडलिकराव बाहेर येऊन बघतच राहिले. "आरं तिच्या! नवरदेव बसवला की पाटावर!"

दिपाली कूलरकडे पाहू लागली. शिवयोगी स्क्रू मोजू लागला.

जाताना त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय केली. "रोज दुपारी तीनला बघा. सत्तरच्या खाली असेल तर मला नुसता मिस्ड कॉल द्या. वर गेला तर वाजू द्या, मी येतो."

फोनला पैसे पडायचे ते दिवस. मिस्ड कॉलमध्येच माणसं सगळं सांगायची – निघालो, पोहोचलो, खाली ये.

मग रोज दुपारी तीनला दिपाली आकडा पाही, फोन लावी, पलीकडे एकदा वाजलं की कापून टाकी. त्या एका वाजण्यात तिला त्याचं दुकान दिसे, तो शर्टाच्या खिशातून फोन काढून बघतोय, परत ठेवतोय... बस्स, तेवढंच. पण तीन वाजायच्या आधीचा तास मोठा लांबत चालला होता.

मे महिन्यात मशीननेच साथ दिली. आकडा वर जाई, फोन वाजे, तो सायकल दामटत येई. अवजड कामं पहाटे करा, तेव्हा खोली थंड असते, असं त्यानेच सुचवलं. आणि पहाटे ती स्टुडिओ उघडायची, तर सिद्धेश्वर तळ्याकडून फेरी मारून तोही हजर. जेवणाच्या डब्यात त्याच्या आईने दिलेल्या कडक भाकऱ्या. स्क्रीनवर कुणाकुणाची लग्नं लागत असायची. हे दोघं भाकरी मोडत आकडा बघत बसायचे. पंचावन्न... सत्तावन्न... "थंड आहे," तो म्हणायचा, आणि ते ऐकून तिला का कोण जाणे उगाच वाईट वाटायचं.

पावसाळा आला. आकडा खालीच राहू लागला. मिस्ड कॉल, मिस्ड कॉल, मिस्ड कॉल. एके दुपारी तिने फोन लावला आणि कापलाच नाही.

"किती?" त्याने घाईने विचारलं.

"...अठ्ठावन्न."

"मग?"

"चुकून राहिला. बोट लागलं नाही."

"बोटाला ताप आला असेल." थोडं थांबून तो म्हणाला, "येऊ का बघायला?"

"मीठ-पाणी घेऊन या," ती म्हणाली, आणि तापलेले गाल घेऊन कूलरपुढे जाऊन बसली.

पण बोललं कुणीच नाही. त्याला वाटायचं ती बोलेल. तिला वाटायचं तो बोलेल.

तेवढ्यात कुंडलिकरावांची साखर डोळ्यांत उतरली. फोटोतले चेहरे त्यांना पुसट दिसू लागले, आणि स्टुडिओ दिपालीच्या खांद्यावर आला. आणि शिवयोगीला बंगळूरला नोकरी लागली. मोठ्या हॉलमध्ये रांगेने मशीनं, ती थंड ठेवायची.

"तिथे पट्ट्या ठेवतात का?" तिने विचारलं. हसायचं होतं, जमलं नाही.

शेवटच्या दिवशी तो मशीनपुढे बसला. "याचा वेग पहिल्यासारखा करून ठेवतो. मग याच्याकडे कुणी बघितलं नाही तरी चालेल. असंच ठेवलं तर... एखाद्या मे महिन्यात जळून जाईल."

मग याला कुणीच लागणार नाही. दिपालीने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. "आज नको," ती म्हणाली. "व्हिडिओ चाललाय. मी करते नंतर. कसं करायचं ते दाखवा."

त्याने दाखवलं. कुठली कळ, कुठला आकडा. तिने मान डोलावली. तो उठला, चपला घातल्या, तरी उंबऱ्यावर रेंगाळला.

"अजून काही...?" त्याने विचारलं.

कुंडलिकराव आत चाचपडत पाण्याचा तांब्या शोधत होते. तो आवाज दोघांनी ऐकला.

"नाही. काही नाही."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिने फोन हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. मिस्ड कॉल द्यावा, तर त्याचा अर्थ सगळं ठीक आहे. तसं ते नव्हतं. आणि वाजू द्यावा, तर बंगळूरहून तो येणार कसा? तिने फोन खाली ठेवला.

*

"कधीपासून आवाज करतोय?" शिवयोगी विचारत होता. खोकी एकदाची खाली ठेवून त्याने डबा टेबलावर घेतला होता.

"चार दिवस झाले."

"बाबा कसे आहेत?"

"आहेत. दिसत नाही फारसं, पण कान शाबूत आहेत. कालच म्हणाले, पोरी, तुझं इंजन लई वरडतंय." ती किंचित हसली. "तुमच्या घरी... सगळे?"

"आई आहे. बंगळूरलाच, माझ्याजवळ. अजून कोण असणार?" तो स्क्रू काढत म्हणाला. "अर्धं काम आता घरूनच होतं. घर कुठं का असेना. तुमच्याकडे?"

"बाबा. आणि हा." तिने डब्यावर हात ठेवला.

त्याने झाकण उघडलं आणि हात थांबला. आत धुळीचा कण नव्हता. पात्यांमधून पलीकडचं दिसत होतं. त्याने ठोकळा सोडवला. खाली पेस्टचा पातळ, एकसारखा थर होता.

"ही कुणी लावली?"

"मीच. दर पाडव्याला बदलते. उन्हाळा भरात यायच्या आत."

"दर पाडव्याला..."

"ज्वारीच्या दाण्याएवढी," ती म्हणाली. उगाच वाटलं म्हणून.

ठोकळा आणि पंखा तात्पुरते बसवून त्याने मशीन चालू केलं, स्क्रीन जोडली, ती विशिष्ट कळ दाबली. निळ्या पडद्यावर पांढरे आकडे आले. तो पुढे वाकला. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

खालच्या दुकानात कुणीतरी साडी झटकली, तो आवाज वरपर्यंत आला.

"तुम्ही... वेग कमी केलाच नाही."

"राहून गेलं."

"बारा वर्षं?"

दिपालीने चादरीची घडी घालायला घेतली. घडी वाकडी झाली. तिने ती मोडली आणि परत घातली.

"एसीत ठेवलेली मशीनं इतकी टिकत नाहीत," तो स्क्रीनकडे बघतच म्हणाला. "आणि हे या वेगाने, सोलापुरात... रोज कुणीतरी लक्ष दिल्याशिवाय..." पुढचं त्याने गिळलं.

मग तो उठला. खुर्चीवर चढून फळीच्या अगदी वरच्या कप्प्यातून एक खोकं काढलं. खोक्याचा रंग उडाला होता, पण आतलं पाकीट बंद होतं. पाकिटात कोरा पंखा होता. याच मशीनचा.

"हा कुठून आला?" दिपालीने विचारलं. "अख्ख्या सोलापुरात नाहीये."

"जाताना मामांना सांगून गेलो होतो. हा एक कुणाला विकायचा नाही." त्याचे कान लाल झाले होते. "मला वाटायचं, तुम्ही वेग कमी केला असणार. मग पंखा लागायचाच नाही. तरी म्हटलं... असू द्यावा."

त्याने पंखा बसवला. तो फिरू लागला, कण्हणं थांबलं. दोघंही पंख्याकडे बघत होते.

"घरी नेऊन एकदा चालवून बघा," शेवटी तो म्हणाला. "आकडा कुठे जातोय ते. मी... आज संध्याकाळची गाडी आहे माझी."

"हो का."

"नंबर तोच आहे," तो म्हणाला. "म्हणजे... काही लागलं तर."

त्याने डबा स्वतः उचलून रिक्षात ठेवला. चादर नीट गुंडाळली. रिक्षा वळेपर्यंत तो जिन्याच्या तोंडाशी उन्हात उभा होता, हे तिने आरशातून पाहिलं.

*

स्टुडिओत तिने डबा पाटावर ठेवला. अवजड काम सुरू केलं, त्याने तापावं असं. आकडा चढला. अठ्ठावन्न... साठ... बासष्टवर येऊन बसला, आणि हलेना.

कुंडलिकराव कोपऱ्यातल्या खुर्चीत कान देऊन होते. "आवाज गेला की गं. कुणी केलं?"

"मामांच्या दुकानात," ती म्हणाली.

"मामाचे गुडघे गेल्यात. मामा जिना चढत न्हाय." म्हाताऱ्याला सगळं ठाऊक असायचं. "डॉक्टर आलाय व्हय?"

दिपालीने वर पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन कधीच वाजून गेले होते. तो आता खोकी बांधून शटर ओढत असेल. मग स्टेशन, मग गाडी. मग सोलापुरात त्याचं दुकानही उरणार नाही, आणि हा पंखा अजून दहा वर्षं चालेल. बासष्ट. सगळं ठीक आहे. एकदा वाजवायचं आणि कापायचं, तो खिशातून फोन काढून बघेल आणि निश्चिंतपणे गाडीत बसेल.

तिने नंबर लावला. पलीकडे एकदा वाजलं. तिचा अंगठा लाल बटणावर गेला.

"कापू नगंस," कुंडलिकराव म्हणाले.

ती दचकली. त्यांचे डोळे मिटलेले होते. "मागं बी म्या ऐकत हुतो," ते म्हणाले. "तांब्या सापडला हुता मला तवा. उगाच हुडकत बसलो. दाराकडं यायचं धाडस झालं न्हाय. तू गेलीस तर माझं कसं, म्हनून भ्यालो हुतो, पोरी."

दिपालीचा अंगठा बाजूला झाला. फोन वाजत राहिला. दोनदा, चारदा, किती तरी वेळ... पलीकडे तो फोन हातात धरूनच उभा असणार, कापला जाईल म्हणून वाट बघत. तिने कापला नाही.

"हॅलो." आवाज कोरडा होता. "मला वाटलं, कट होईल."

"नाही केला."

"किती?"

"बासष्ट."

पलीकडे एक खोकं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सावकाश, "मग... वाजू का दिला?"

दिपालीने पाटावरच्या डब्याकडे पाहिलं. त्याचं पातं न् पातं तिने इतकी वर्षं ब्रशने झाडलं होतं. ताप येऊ द्यायचा, साठू द्यायचा नाही, हे त्यानेच शिकवलं होतं ना? मशीनच्या बाबतीत तिने ते अगदी मन लावून पाळलं होतं.

"आत्ता बासष्ट आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, कापू दिला. "पण वाढेल असं वाटतंय."

"कधी?"

"तुमची गाडी सुटली की."

फोनमधून नवी पेठ ऐकू येत होती, एका रिक्षाचा हॉर्न, कुणाची तरी हाक. आणि त्या सगळ्यात तो, पार घाबरून गेलेला – "एन माडली... एन माडली..."

"तेच विचारतेय," दिपाली म्हणाली. "काय करायचं?"

"बंद करू नका," तो म्हणाला. मग धडाधड जिना उतरल्याचा आवाज आला, आणि धापा टाकत पुन्हा तो. "तसंच चालू राहू द्या. वेग कमी करू नका. मी बघायला येतोय."

"गाडी?"

"जाऊ दे की!"

तिने फोन ठेवला. कुंडलिकरावांनी डोळे न उघडताच हात पुढे करून चाचपडलं, कूलरचं बटण शोधलं आणि दाबलं. वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरला.

"पट्टी ठिवायची का गं कपाळावर?" त्यांनी विचारलं.

"कुणाच्या, बाबा? मशीन थंड आहे."

"मशीनचं कोन बोलतंय," म्हातारा म्हणाला.